फाइल माझी, मग कुलूप कोणी लावलं?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका पिवळ्या पट्टीपासून करू या.

मेलवर आलेली वर्डची फाइल तुम्ही लॅपटॉपवर उघडता. वर पिवळी पट्टी येते आणि टाइप केलेलं काही उमटतच नाही. किंवा ग्रुप प्रोजेक्टचा रिपोर्ट उघडायला जाता, तर मशीन सांगतं की ही फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे, तुम्ही फक्त वाचा. आणि तो दुसरा कोणीतरी कालच लॅपटॉप बंद करून गावी गेलेला असतो! मॅकवाल्यांचा अनुभव आणखी वेगळा. फाइल स्वतःची, मशीन स्वतःचं, घरात दुसरं कोणी नाही, तरी नावाशेजारी छोटं कुलूप.

अशा वेळी आपण सगळे एकच गोष्ट करतो. हे बंद कसं करायचं ते सर्च करतो, पहिला व्हिडिओ लावतो आणि तो सांगेल ते चेकबॉक्स काढून टाकतो. काम होतं. पण ही तीन कुलपं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी लावली गेली आहेत. एक शेजाऱ्याच्या भीतीने, एक परक्याच्या भीतीने आणि एक चक्क तुमच्याच भीतीने. कुठलं काढायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्या भीतीचा इतिहास कळला की आपोआप कळतं. म्हणून आज तोच इतिहास.

प्लास्टिकचं कुलूप

घरी जुन्या ऑडिओ कॅसेट असतील तर एक काढून बघा. वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. पट्टी मोडली की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे आवडत्या गाण्यांवर चुकून दुसरं काही रेकॉर्ड व्हायची भीती संपली. आणि विचार बदलला तर? त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायची, कॅसेट पुन्हा मोकळी. आपल्या आधीच्या पिढीला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

फ्लॉपीचंही तसंच होतं. सव्वापाच इंचाच्या फ्लॉपीच्या कडेला चौकोनी खाच असायची. ती उघडी असेल तर लिहिता येतं, तिच्यावर स्टिकर लावला की फक्त वाचता येतं. साडेतीन इंचाच्या फ्लॉपीत स्टिकरऐवजी सरकपट्टी आली. पट्टी सरकवून छोटी खिडकी उघडली की फ्लॉपी लॉक.

या कुलपांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, कुलूप डोळ्यांना दिसायचं. दोन, ते माणूस स्वतः लावायचा. कॅसेटने कधी ठरवलं नाही की तुम्ही मला दोन आठवड्यांत वाजवलं नाही, तर आता मी माझी पट्टी स्वतःच मोडून घेते.

1984 च्या पहिल्या मॅकिन्टॉशने हीच कल्पना स्क्रीनवर आणली. फाइल निवडायची, तिची माहिती दाखवणारी गेट इन्फोची खिडकी उघडायची आणि लॉक्ड या चौकोनात खूण करायची. तो चौकोन आजच्या मॅकमध्येही आहे. तिथेही कुलूप लावणारा माणूसच होता.

कुलूपच नको म्हणणारे दोघं

आता थोडं मागे, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जाऊ. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सवर चालतो, आणि लिनक्स युनिक्सच्याच वळणावर घडलं आहे. आयफोनची सिस्टिमही युनिक्सच्याच घराण्यातली. म्हणजे आपण सगळे रोज या दोघांच्या अंगणात खेळतोय.

1974 मध्ये त्यांनी युनिक्सवर एक पेपर लिहिला. एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण काम करणारी ही सिस्टिम. दोन माणसांनी एकच फाइल उघडली तर काय, हा प्रश्न येणारच होता. त्यांचं उत्तर ऐकून आजही गंमत वाटते. वापरणाऱ्याला दिसेल असं कुलूप आम्ही दिलेलंच नाही, कारण आमच्या मते ते गरजेचंही नाही आणि पुरेसंही नाही.

गरजेचं नाही, कारण एकच अवाढव्य फाइल अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी बदलतायत असं त्यांच्याकडे होत नव्हतं. पुरेसं का नाही, हे मात्र जास्त खोल आहे. एडिटर फाइल उघडतो तेव्हा तिची एक कॉपी करतो आणि तुम्ही त्या कॉपीवर काम करता. तुम्ही आणि मी दोघांनी कॉपी घेतली, दोघांनी बदल केले, मी आधी सेव्ह केलं, तुम्ही नंतर. माझं काम गेलं! लिहिण्याच्या त्या एका क्षणापुरतं फाइलला कुलूप असूनही गेलं, कारण घोळ तिथे झालाच नव्हता. तो आधीच, दोन कॉपी निघाल्या तेव्हा झाला होता.

युनिक्समध्ये पुढे कुलपं आलीच. 1983 च्या बर्कलीच्या 4.2 बीएसडी आवृत्तीत फ्लॉक नावाचा सिस्टिम कॉल आला. पण तेही कुलूप सल्लागार स्वरूपाचं होतं. आत कोणीतरी आहे अशी दारावर पाटी असते ना, तसं. शहाणा प्रोग्रॅम पाटी वाचून थांबतो, आडमुठा सरळ आत घुसतो.

शेजाऱ्याचं कुलूप

ऐंशीच्या दशकात ऑफिसातले पीसी नेटवर्कने जोडले जायला लागले. फाइल आता एका टेबलावर राहिली नाही. 1984 च्या डॉस 3.0 मध्ये शेअर नावाचा प्रोग्रॅम आला. एकच फाइल दोन ठिकाणी उघडली तर काय करायचं, हे बघणं त्याचं काम.

त्याच वळणावर वर्डने एक साधा जुगाड केला, जो आजपर्यंत टिकून आहे. तुम्ही फाइल उघडली की वर्ड त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल बनवतो. तिचं नाव ~$ या चिन्हांनी सुरू होतं आणि आत फाइल उघडणाऱ्याचं नाव असतं. दुसरा माणूस आला की वर्ड ती चिठ्ठी वाचतो आणि त्याला सांगतो, अमुक जण काम करतायत. तुम्ही फाइल बंद केली की चिठ्ठी पुसली जाते. लिब्रेऑफिसही अशीच लपलेली चिठ्ठी ठेवतो.

आता लाइट गेली तर? किंवा वर्डच क्रॅश झाला तर? चिठ्ठी पुसायला कोणी उरत नाही. माणूस घरी गेला, चिठ्ठी दारावर तशीच. आपल्याला सर्वांत जास्त छळणारं कुलूप ते हेच. ते कोणी लावून ठेवलेलं नसतं, काढायचं राहून गेलेलं असतं.

प्रोग्रॅमर लोकांनी याच प्रश्नावर दोन वेगळ्या वाटा काढल्या. 1982 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे टूल बनवलं. त्यात बदल करायचा तर आधी फाइलवर आपलं कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं. दुसऱ्याचं कुलूप तोडायचीही सोय होती, पण अशी की तोडणाऱ्याला कारण लिहावं लागायचं आणि ते कारण मूळ माणसाला मेलने जायचं. काय सभ्य पद्धत आहे बघा! तोडा, पण सांगून तोडा.

दुसरी वाट ॲम्स्टरडॅमची. डिक ग्रुन हे तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक, दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही भरवसा नाही आणि स्वतः सरांना फक्त संध्याकाळी वेळ. अशा तिघांमध्ये कुलपाची पद्धत चालणार कशी? एकाने कुलूप लावलं की बाकीचे बसले वाट बघत. म्हणून ग्रुन यांनी कुलपाशिवायची पद्धत केली. प्रत्येकाने आपली कॉपी घ्यावी, आपल्या वेळेला काम करावं आणि नंतर बदल एकत्र जुळवावेत. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तरच माणसाने बसून निर्णय घ्यायचा. त्यातून सीव्हीएस आलं, 1986 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आज आमच्या धंद्यात जे गिट सगळे वापरतात, ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिहायला घेतलं. त्याची घडण वेगळी आहे, पण कुलूप न लावता काम करा आणि नंतर जुळवा हा विचार तोच.

गूगल डॉक्समध्ये चौघं एकाच परिच्छेदात टाइप करतात, प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगात पळतो आणि कुलूप कुठेच नसतं. थॉम्पसन आणि रिचींची तक्रार दोन कॉपींबद्दल होती. इथे कॉपी एकच, सर्व्हरवर. ज्याला कुलपाने पुरं पडत नव्हतं, ते कॉपीची पद्धत बदलून सुटलं.

परक्याचं कुलूप

पिवळी पट्टी मात्र या घराण्यातली नाही. तिची गोष्ट 1990 च्या दशकात सुरू होते. वर्डच्या फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम ठेवता यायला लागले. कागदाला हातपाय फुटले म्हणा ना. 1995 मध्ये कन्सेप्ट नावाचा मॅक्रो व्हायरस पसरला. मग मार्च 1999 मध्ये मेलिसा. मेलिसाची फाइल उघडली आणि मॅक्रो चालला की आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या 50 जणांना तीच फाइल मेलने जायची. मेल तुमच्या नावाने आलेला, मग मित्र विश्वासाने उघडणार. त्या 50 जणांचे पुढचे 50. मोठमोठ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर त्या ओझ्याखाली बसले.

2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोज इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर एक अदृश्य शिक्का मारू लागलं. तो फाइलच्या मजकुरात नसतो, डिस्कवर तिच्या शेजारी लपलेला असतो. त्यात झोनचा आकडा असतो आणि इंटरनेटसाठी तो आहे 3. ऑफिस 2010 मध्ये प्रोटेक्टेड व्ह्यू आला. शिक्का दिसला की वर्ड ती फाइल बंदिस्त खोलीत उघडतो. वाचा, पण आतलं काही चालणार नाही. एनेबल एडिटिंग दाबलं म्हणजे तुम्ही सांगितलंत की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, येऊ द्या आत.

यातली एक गंमत सांगतो. हा शिक्का विंडोजच्या एनटीएफएस प्रकारच्या डिस्कवरच टिकतो. तीच फाइल फॅट 32 प्रकारच्या पेनड्राइव्हवर नेली की शिक्का गळून पडतो. म्हणूनच मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलेल्या फाइलला बऱ्याचदा पट्टी येत नाही. फाइल तीच, धोका तोच, फक्त शिक्का नाही.

तुमच्यापासूनचं कुलूप

आता या एपिसोडची खरी नायिका. 20 जुलै 2011 ला ॲपलने मॅकसाठी लायन ही आवृत्ती आणली. तोवर आयफोन चार वर्षं जुना झाला होता, आयपॅड एका वर्षाचा. फोनवर कोणी सेव्ह दाबत नाही. नोट लिहिली की लिहिली. ॲपलला वाटलं, मॅकवर तरी माणसाने सेव्ह, सेव्ह करत का बसावं? म्हणून ऑटो सेव्ह आलं. तुम्ही टाइप करताना थांबलात की फाइल सेव्ह, सलग लिहीत असाल तर 5 मिनिटांनी सेव्ह. सोबत व्हर्जन्स आलं, म्हणजे जुन्या अवस्थाही जपून ठेवलेल्या. सेव्ह ॲज मेनूतून गेलं आणि त्याच्या जागी डुप्लिकेट आलं.

ऐकायला छान आहे. पण यामुळे एक जुना आधार गेला, जो आधार आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्वी जुनी फाइल उघडून चुकून काही खोडलं तर घाबरायचं कारण नव्हतं. बंद करताना सेव्ह करायचं का विचारलं की नाही म्हणायचं. तो एक नकार म्हणजे आपली लक्ष्मणरेषा होती. ऑटो सेव्ह आल्यावर विचारणंच बंद झालं. मांजर कीबोर्डवरून चालत गेली तरी तेही सेव्ह!

ॲपलने यावर जो उपाय काढला, तोच आपला आजचा विषय. ज्या फाइलमध्ये दोन आठवडे काही बदल केला नाही, तिला सिस्टिमने आपणहून कुलूप लावायचं. बदलायला गेलात की विचारायचं, कुलूप काढू, डुप्लिकेट करू की राहू दे?

तर्क चुकीचा नाही. दोन आठवडे हात न लावलेली फाइल बहुतेक वेळा फक्त बघायला उघडलेली असते. पण माणसाचं काम कॅलेंडरवर चालतं. महिन्याचं बिल, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, ट्यूशनच्या फीची यादी, ही कामं महिन्यातून एकदाच होतात. म्हणजे त्या प्रत्येक फाइलला दर वेळी कुलूप. जी फाइल बदलण्यासाठीच ठेवली आहे, तिच्याच दारात सिस्टिम विचारते, खरंच बदलायचंय का?

आणि हे बंद करायची सोय कुठे होती माहितीये? टाइम मशीनच्या सेटिंगमध्ये, ऑप्शन्सच्या आत. टाइम मशीन म्हणजे बॅकअप घेण्याचं टूल. ज्याने आयुष्यात बॅकअप घेतला नाही, तो तिथे कशाला जाईल? तिथे एक चेकबॉक्स होता, शेवटच्या बदलानंतर इतक्या दिवसांनी फाइल लॉक करा असा. खूण काढली की सुटका, किंवा मुदत एक वर्षापर्यंत वाढवा. शिवाय हे कुलूप ऑटो सेव्ह वापरणाऱ्या ॲपपुरतंच होतं. टेक्स्टएडिट, प्रिव्ह्यू, पेजेस यांना कुलूप, तेव्हाच्या वर्डला नाही. एकाच फोल्डरमधल्या दोन फाइल दोन तऱ्हांनी वागणार आणि का ते कोणी सांगणार नाही.

लोक वैतागले आणि ॲपलने पावलं मागे घेतली. पुढच्याच वर्षी, जुलै 2012 च्या माउंटन लायनमध्ये ऑप्शन की दाबली की सेव्ह ॲज परत दिसायला लागलं. फाइल बंद करताना बदल ठेवायचे का असं विचारण्याची सेटिंगही आली. म्हणजे तो जुना नकार परत मिळाला. आजच्या मॅकमध्ये दोन आठवड्यांच्या कुलपाचा तो चेकबॉक्स उरलेला नाही.

मग बंद करायचं की नाही?

आता भीतीनुसार उत्तर देऊ.

शेजाऱ्याचं कुलूप असेल, तर आधी फोन करा. खरंच, फोन करा. समोरच्याने फाइल उघडी ठेवली असेल तर ती बंद करायला सांगा. कोणाकडेच उघडी नाही याची खात्री झाली, तरच लपलेल्या फाइल दाखवायची सोय चालू करून ती ~$ वाली चिठ्ठी काढा. आणि ही पद्धत कायमची बंद करायचं सेटिंग मिळालं तरी करू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री दोघांनी एकमेकांचं काम पुसलं, तर चिठ्ठी काढणाऱ्याला कोणी माफ करत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर रिपोर्ट एकाच ऑनलाइन कॉपीवर आणा.

परक्याचं कुलूप असेल, तर ते फाइलपुरतं काढा. पाठवणारा ओळखीचा आणि फाइल अपेक्षित असेल तर एनेबल एडिटिंग, किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक. ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन प्रोटेक्टेड व्ह्यूच्या सगळ्या खुणा एकदम काढायला सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. त्यांचं ऐकू नका. एका पट्टीचा त्रास वाचवायला सगळ्या अनोळखी लोकांना घराची किल्ली देण्यासारखं आहे ते. मेलच्या फाइल पुस्तकासारख्या रीडिंग व्ह्यूमध्ये उघडून वैताग येत असेल, तर तेवढी एक खूण वर्ड ऑप्शन्सच्या जनरल भागात आहे. ती बिनधास्त काढा. ती फक्त दिसण्यापुरती आहे.

तिसरं, तुमच्यापासून तुम्हाला वाचवणारं कुलूप. ते बंद करा, हक्काने करा. फक्त त्याच्या जागी दुसरा आधार आहे ना, ते बघा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉक इथे, फाइल बंद करताना बदल ठेवायचे का विचारा, ही खूण चालू ठेवता येते. महत्त्वाची फाइल असेल तर गेट इन्फोमधलं जुनं लॉक्ड स्वतः लावा. आणि बॅकअप असू द्या. कुलूप फक्त बदल अडवतं, गेलेलं परत आणत नाही.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कॅसेटची पट्टी कोणालाच त्रासदायक वाटली नाही, कारण ती कोणी मोडली आणि का मोडली हे मोडणाऱ्याला माहीत होतं. आरसीएसमध्ये कुलूप तोडतानाही कारण लिहायचं असायचं. लायनचं कुलूप चिडचिड करायला लावत होतं, कारण ते न विचारता लागायचं आणि त्याची किल्ली भलत्याच खोलीत ठेवली होती. आज तुमच्यापैकी कित्येक जण ॲप बनवताय, कोणी कॉलेजमध्ये, कोणी नोकरीत. युजरच्या भल्यासाठी एखादं दार बंद करणार असाल तर जरूर करा, पण दारावर कारण लिहा आणि किल्ली दाराशेजारीच टांगा.

आजच्यासाठी इतकंच. हा एपिसोड तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपवर पाठवा, विशेषतः त्या मित्राला जो फाइल उघडी ठेवून गावी जातो. भेटू पुढच्या भागात!